जुनी स्प्रिंगची एअर रायफल पुन्हा नेमावर आणताना

स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर रायफलीत आधीपासून साठवलेली हवा नसते आणि गॅसची टाकीही नसते. नळी बिजागरीवर खाली मोडली की तिला जोडलेला दांडा पिस्टनला मागे रेटतो, पिस्टनमागची स्प्रिंग दाबली जाते आणि पिस्टन चापाच्या यंत्रणेत अडकून राहतो. चाप ओढताच तो सुटतो, सिलिंडरमधली हवा काही सहस्रांश सेकंदांत दाबली जाऊन एका बारीक छिद्रातून छर्ऱ्याच्या मागे शिरते आणि छर्रा निघतो. यातला प्रत्येक भाग डोळ्यांनी दिसणारा, हाताने काढता येणारा आणि बहुतेक वेळा पुण्यातल्या कारागिरांकडून पुन्हा बनवून घेता येणारा आहे. मला या रायफलींचे जे वेड लागले त्याचे कारण हेच आहे, आणि माझ्याकडे आलेली पहिली जुनी रायफल दुरुस्त करताना ते अधिक पक्के झाले. त्या दुरुस्तीचा अनुभव येथे सविस्तर लिहीत आहे.

सदाशिव पेठेतला एक वाडा पुनर्विकासासाठी रिकामा होत असताना ओळखीच्या एका आजींनी माळ्यावरची रायफल मला दाखवली. त्यांचे थोरले दीर अनेक वर्षे इंग्लंडमध्ये नोकरीला होते आणि परत येताना त्यांनी ती सोबत आणली होती. हातात घेतल्यावर मी प्रथम नळीवरचा शिक्का वाचला, कारण तो वाचल्याशिवाय पुढचे काही बोलण्यात अर्थ नव्हता. शस्त्र नियम, २०१६ नुसार ०.१७७ इंच, म्हणजे ४.५ मि.मी., नळीची आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेची एअर रायफल परवान्याशिवाय बाळगता येते. नळी त्याहून मोठी असेल किंवा ऊर्जा त्याहून जास्त असेल तर परवाना लागतो. त्या काळच्या कितीतरी रायफली ०.२२ इंची, म्हणजे ५.५ मि.मी. नळीच्या असत, आणि बाहेरून पाहून दोन्हींतला फरक चटकन कळत नाही. ही ४.५ मि.मी.ची निघाली. आजींच्या मुलाकडून मी लेखी पावती घेतली, त्यावर रायफलीचे वर्णन व शिक्क्यांचा तपशील लिहिला, दोघांच्या ओळखपत्रांच्या प्रती जोडल्या आणि मगच ती पेटीत घालून घरी आणली. दुकानातून नवी घेताना विक्रेता ओळखपत्राची नोंद करून घेतोच. खासगी व्यवहारात ही काळजी आपण स्वतः घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

सिलिंडरवर ‘ओरिजिनल’ आणि त्याखाली मॉडेल २७ असे कोरलेले होते. ज्याला या विषयाची माहिती नाही त्याला ही एखादी वेगळी कंपनी वाटेल. प्रत्यक्षात ही जर्मनीतल्या रास्टाट गावची डायना रायफल आहे. मायर आणि ग्रामेलश्पाखर यांनी १८९० मध्ये तो कारखाना सुरू केला, आणि जुने धनुष्य टाकून देऊन हातात एअर रायफल उंचावणारी डायना देवी हे त्यांचे चिन्ह होते. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांची यंत्रसामग्री आणि डायना हे नाव ब्रिटनमधल्या मिलब्रो कंपनीकडे गेले. जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिल्यावर त्याला ब्रिटनमध्ये स्वतःचेच नाव वापरता येईना, म्हणून तेथे विकायच्या रायफलींवर ‘ओरिजिनल’ असा शिक्का येऊ लागला. सदाशिव पेठेतल्या माळ्यावर सापडलेली रायफल कोणत्या वाटेने आली हे तिच्या सिलिंडरवरच लिहिलेले होते. दस्त्याच्या वरच्या टोकाशी, सिलिंडरच्या मागच्या बाजूला, महिना आणि वर्ष सांगणारे छोटे आकडेही होते, मात्र गंजामुळे त्यांतले वर्ष तेवढे स्पष्ट वाचता आले: ६९.

रायफल चालत होती, पण जेमतेम. माझ्याकडे वेग मोजायचे क्रोनोग्राफ यंत्र आहे; त्यावर ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला ११० मीटरच्या आसपास जात होता आणि दोन छर्ऱ्यांमधला फरक मोठा होता. हवा कोठून निसटते ते शोधण्याची सोपी युक्ती अशी, की नळी आणि सिलिंडर जेथे मिळतात त्या सांध्यावर पातळ टिश्यू कागदाची पट्टी ठेवायची आणि छर्रा सोडायचा. पट्टी जागची हलली तर सांध्याचा वॉशर गेलेला असतो. येथे पट्टी उडून खाली पडली. शिवाय चाप ओढल्यावर आतून तारेसारखा लांबट झंकार येत होता, म्हणजे स्प्रिंग वाकलेली किंवा सैल होती. तिसरी खूण अधिक स्पष्ट होती: पहिल्या काही छर्ऱ्यांबरोबर नळीतून निळसर धूर आला. कोणीतरी कधीतरी आत साधे मशीन ऑइल सोडले असणार. हवा एकदम दाबली गेली की ती तापते आणि सिलिंडरमध्ये खनिज तेल असेल तर ते पेट घेते. यालाच डिझेलिंग म्हणतात. त्याने छर्ऱ्याचा वेग मनमानी बदलतो आणि वॉशर व स्प्रिंग या दोघांचेही आयुष्य कमी होते.

रायफल खोलण्याआधी दोन गोष्टी मी कधीही चुकवत नाही. नळीत छर्रा नाही आणि पिस्टन अडकवलेला नाही, हे दोनदा तपासायचे. आणि स्प्रिंग दाबून धरणाऱ्या शिकंज्याशिवाय मागची पिन ठोकायची नाही. मोकळ्या अवस्थेतही स्प्रिंग थोडी दाबलेलीच असते आणि पिन निघताच मागचा ठोकळा बाहेर उडू शकतो. माझा शिकंजा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेला आहे: एक लांब लोखंडी चॅनल, एका टोकाला नायलॉनचा ठोकळा आणि दुसऱ्या टोकाला लांब आट्यांचा स्क्रू. दस्त्याचे स्क्रू काढून लाकूड वेगळे केले, सिलिंडर शिकंज्यात बसवला, स्क्रूने थोडा दाब दिला, मागच्या दोन पिना पितळी दांड्याने ठोकून काढल्या आणि मग स्क्रू सावकाश सैल करत स्प्रिंग मोकळी केली.

मॉडेल २७ ची चाप-यंत्रणा पाहण्यासाठी तरी ही रायफल एकदा खोलावी. साध्या एअर रायफलीत एक आकडा पिस्टनच्या खाचेत अडकतो आणि स्प्रिंगचा सगळा जोर त्या एका कडेवर येतो. येथे पिस्टनच्या दांड्याला गोलाकार खाच आहे आणि तिच्याभोवती एका नळकांड्यात पोलादी तीन गोळ्या, ज्यांना आपण बेअरिंगच्या गोळ्या म्हणतो, समान अंतरावर बसतात. रायफल मोडली की दांडा नळकांड्यात शिरतो, गोळ्या खाचेत उतरतात आणि बाहेरचे दुसरे नळकांडे त्यांच्यावरून सरकून त्यांना तेथे दाबून धरते. चाप ओढल्यावर बाहेरचे नळकांडे हलते, गोळ्यांना बाहेर सरकायला जागा मिळते आणि दांडा मोकळा होतो. जोर तिन्ही बाजूंनी सारखा वाटला गेल्यामुळे चाप हलका आणि स्वच्छ लागतो. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही त्या तीन गोळ्यांवर एकही ओरखडा नव्हता. त्या रॉकेलने धुऊन पांढऱ्या कापडावर ठेवल्या आणि दिव्याखाली भिंगातून पाहिल्या, तेव्हा ज्यांनी ही रचना केली त्यांच्याविषयी मनात खरा आदर दाटून आला.

पिस्टनच्या तोंडाशी मोठ्या डोक्याच्या स्क्रूने बसवलेला चामड्याचा वॉशर मात्र पूर्ण वाळलेला आणि कडेने फाटलेला होता. स्टोव्हच्या पंपातला चामडी वाटीसारखा वॉशर ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचा आकार वेगळा समजावून सांगायला नको. परदेशातून तयार वॉशर मागवता येतो, पण तो इथे बनतो का हे मला पाहायचे होते. वनस्पतीजन्य पद्धतीने कमावलेले, साधारण ४ मि.मी. जाडीचे चामडे एका चर्मकार कारागिराकडे मिळाले. क्रोमने कमावलेले चामडे या कामाला चालत नाही, कारण ते भिजवून दाबले तरी दिलेला आकार धरून ठेवत नाही. भोसरीतच लेथवर दोन भागांचा साचा काढून घेतला: एक पोकळ, सिलिंडरच्या आतल्या मापाचा, आणि दुसरा त्यात बसणारा, मध्ये चामड्याच्या जाडीइतकी जागा राहील असा बारीक. चामड्याची गोल चकती कोमट पाण्यात भिजवून साच्यात ठेवली, शिकंज्यात आवळली आणि पूर्ण वाळेपर्यंत तशीच राहू दिली. वाळल्यावर कडा धारदार पात्याने समान कापल्या, मधोमध भोक पाडले आणि वॉशर सिलिकॉन तेलात रात्रभर बुडवून ठेवला. सकाळी तो बोटांत लवचीक लागत होता आणि सिलिंडरमध्ये सरकवल्यावर पुढचे छिद्र अंगठ्याने बंद केले की पिस्टन हवेच्या गादीवर अडून राहत होता. सगळ्या दुरुस्तीत मला सर्वाधिक समाधान या क्षणी मिळाले.

सांध्याचा वॉशर त्या मानाने सोपा होता. मूळचा चामड्याचाच होता. त्याच चामड्याच्या उरलेल्या तुकड्यातून पंचने कापून काढला आणि तो पृष्ठभागापेक्षा किंचित वर राहील अशी खालून कागदाची चकती घातली. नाना पेठेत मिळणारी रबरी ओ-रिंगही चालते आणि पुष्कळ जण तीच वापरतात. मी मूळ साहित्याला चिकटून राहिलो.

स्प्रिंग बाहेर काढून काचेवर लोळवली तेव्हा ती मधोमध वाकलेली स्पष्ट दिसली. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत स्प्रिंग करणारे अनेक छोटे कारखाने आहेत. त्यांच्यापैकी एका काकांकडे मी जुनी स्प्रिंग, तारेची जाडी, बाहेरचा व्यास, आटे आणि मोकळी लांबी असे सगळे माप घेऊन गेलो. त्यांनी व्हर्नियर लावून पाहिले आणि म्हणाले, “साहेब, वायर जरा जाड टाकतो. जोर चांगला वाढेल.”

“नको काका,” मी म्हणालो, “जोर वाढवायचा नाही. होती तशीच हवी. फक्त दोन्ही टोके सपाट घासून द्या आणि एकदा पूर्ण दाबून ठेवा.”

या विषयातला माझा सगळा आग्रह या एका गोष्टीवर येऊन ठरतो, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. जुनी रायफल हाती आली की तिच्यात जास्त ताकदीची स्प्रिंग घालण्याचा मोह पुष्कळांना होतो. परंतु पिस्टनचे वजन, त्याची धाव, हवेच्या छिद्राचा व्यास आणि स्प्रिंग यांचा मेळ बनवणाऱ्याने घातलेला असतो. जाड स्प्रिंगने पिस्टन अधिक वेगाने पुढे जातो, पण छोट्या छिद्रातून हवा तितक्या लवकर निघू शकत नाही. पिस्टन हवेच्या दाबाने उसळी घेतो, रायफल अधिक हिसके देते आणि नेम बिघडतो. वेग मात्र किरकोळच वाढतो. शिवाय ऊर्जेच्या कायदेशीर मर्यादेचा प्रश्न आहेच. संग्रहातली रायफल जशी घडवली गेली तशी चालली पाहिजे. तिच्यातून दुसरेच काही करून घ्यायचे असेल तर तिचा संग्रह करण्यात काही अर्थ राहत नाही.

पूर्ण दाबून ठेवण्याची मागणी करण्याचे कारण असे, की नवी स्प्रिंग पहिल्यांदा पूर्ण दाबली की थोडी आखडते. ते आखडणे रायफलीत बसवण्याआधीच झालेले बरे. चार दिवसांनी काकांनी जी स्प्रिंग दिली ती काचेवर सरळ लोळली आणि तिची दोन्ही टोके आरशासारखी घासलेली होती. मी ती टोके बारीक पॉलिश पेपरवर आणखी गुळगुळीत केली, कारण स्प्रिंग दाबली जाताना स्वतःभोवती किंचित फिरते आणि खरबरीत टोक असेल तर ते फिरणे अडखळते.

जोडणी करताना वंगण कमी लावणे हाच नियम. पिस्टनच्या बाहेरच्या अंगाला मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पेस्ट बोटाने पुसल्यासारखी पातळ लावली, स्प्रिंगवर दाट ग्रीसचा हलका थर दिला आणि हवा दाबली जाते त्या पुढच्या भागात काहीही लावले नाही. चामड्यात मुरलेले सिलिकॉन तेल त्याला पुरेसे असते. तीन गोळ्या ग्रीसच्या थेंबावर नळकांड्यात चिकटवल्या, म्हणजे दांडा आत जाईपर्यंत त्या जागेवर राहतात. सगळे शिकंज्यात पुन्हा दाबून पिना बसवल्या. छर्रा न घालता चाप ओढून पाहण्याची इच्छा या वेळी प्रत्येकाला होते, आणि ती आवरावी लागते: समोर छर्रा नसेल तर हवा लगेच निघून जाते, पिस्टनला थांबवणारी हवेची गादी तयार होत नाही आणि तो सिलिंडरच्या टोकावर आदळतो. नवा वॉशर त्यानेच फुटतो.

धायरीला माझ्या शेडमध्ये दहा मीटरची बंदिस्त जागा आहे. समोर तिरप्या पोलादी पत्र्याची पेटी आहे. छर्रा पत्र्यावर आदळून खाली वाळूत पडतो. तिच्यामागे विटांची भिंत आहे, आणि चष्मा लावल्याशिवाय तेथे कोणी उभे राहत नाही. पहिल्या काही छर्ऱ्यांना अजून थोडा धूर होता, नंतर तो थांबला. वेग सेकंदाला १६८ मीटरच्या आसपास स्थिर झाला आणि दोन छर्ऱ्यांतला फरक बराच घटला. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणले की ऊर्जा मिळते, ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्यासाठी ती साडेसात ज्यूलच्या आसपास येते. कायद्याच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कमी, आणि दहा मीटरवर कागदाला भोक पाडायला भरपूर.

नेम जुळवायला मात्र रायफलीपेक्षा मलाच अधिक शिकावे लागले. स्प्रिंगच्या रायफलीचा धक्का दोन दिशांचा असतो: पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते आणि पिस्टन पुढे जाऊन थांबताना ती पुढे ओढली जाते, या हालचालीचा बराचसा भाग छर्रा नळीत असतानाच घडतो. म्हणून ती घट्ट आवळून धरली किंवा टेबलावर टेकवली की छर्रे पसरतात. डावा तळहात उघडा ठेवून त्यावर लाकूड नुसते टेकू द्यायचे, खांद्याला हलकेच लावायचे आणि प्रत्येक वेळी अगदी तसेच धरायचे. हे जमू लागले तेव्हा भोके एकमेकांना भिडू लागली.

पुण्याच्या पावसाळ्यात या रायफली जपणे हे वेगळेच काम आहे. जून ते सप्टेंबर या काळात बोटाचा ठसासुद्धा निळसर पोलादावर दोन दिवसांत तांबूस होतो. वापरल्यानंतर बंदुकीच्या तेलाने ओलावलेल्या फडक्याने पोलाद पुसणे, पेटीत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून त्या अधूनमधून तापवून वाळवणे आणि फोम किंवा चामड्याच्या खोळीत रायफल कायमची न ठेवणे, एवढे पाळले तरी पुष्कळ होते. लाकडाला वर्षातून एकदा, पावसाळा येण्याआधी, उकळलेले जवसाचे तेल चोळतो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खात नाही. पेटीला कुलूप असते आणि छर्रे दुसऱ्या कपाटात असतात. पक्ष्यांवर नेम धरण्याचा प्रश्नच येत नाही; वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तर आहेच, पण या विद्येचा मान कागदी लक्ष्यावर एकवटलेल्या नजरेत आहे, हे मी शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येक मुलाला आधी सांगतो.

त्यानंतर जमवलेल्या रायफलींत मी संख्येपेक्षा रचनेकडे पाहिले. वाइहराउख कंपनीची एचडब्ल्यू ३५ घेतली ती तिच्या रेकॉर्ड नावाच्या चापासाठी आणि नळी मोडण्याआधी दाबावा लागणाऱ्या खटक्यासाठी. फाइनवेर्कबाउ ३०० एस एका निवृत्त नेमबाजाकडून मिळाली. तिच्यात चाप ओढल्यावर नळी आणि सिलिंडर एकत्र दस्त्यातल्या रुळांवरून मागे सरकतात, त्यामुळे खांद्याला धक्काच जाणवत नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफल प्रथम आली, आणि अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. आज बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सराव करणारी मुले साठवलेल्या हवेच्या रायफली वापरतात, ज्यांत स्प्रिंगचा हिसका नसतो. तो हिसका काबूत आणण्यासाठी आधीच्या पिढीच्या अभियंत्यांनी काय काय केले हे त्यांनी एकदा हातात घेऊन पाहावे, असे मला फार वाटते. म्हणून कोणी विचारले तर मी या रायफली खोलून दाखवतो.

सध्या शिकंज्यात इंडियन ह्यूम पाइप कंपनीने बनवलेली एक ‘नॅशनल’ आहे. आपल्याकडच्या कितीतरी घरांत पहिली एअर रायफल हीच असे, आणि जर्मन रायफलींइतकीच काळजी तिला मिळायला हवी. हिच्या नळीच्या बिजागरीत आडवी हालचाल आहे, त्यासाठी नवी पिन आणि दोन बारीक पोलादी चकत्या लागतील; माप घेऊन झाले आहे आणि काम भोसरीला दिले आहे. जुनी स्प्रिंग अजून सरळ आहे, म्हणून ती तशीच ठेवणार आहे.